वस्तू कशावर उभी आहे?

पितळ लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं. पोलादाचं उलट. ते तसंच बुडवलं तर कडक होतं आणि हातोडा बसला की तडकतं. हा फरक मला बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकला, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कळला. माझे वडील, आप्पा, माळेगावच्या सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम संपला की कारखान्यात दुरुस्तीचे महिने सुरू होत. रस आटवायच्या भांड्यांत आणि पॅनमध्ये तेव्हा पितळी नळ्या असत. त्या घासायच्या, फुटलेल्या काढायच्या, नव्या नळीचं तोंड प्लेटच्या भोकात फुलवून घट्ट बसवायचं. दिवसभर हे करून आलेले आप्पा संध्याकाळी शेजाऱ्यांची कामं घेऊन बसत. फवारणी पंपाची गळकी टाकी, समईचा निखळलेला दांडा, स्टोव्हची टाकी. मी भाता मारायचो, नंतर गॅसची बत्ती धरायला लागलो. "आरं, लाल झालं की सोड पाण्यात," आप्पा म्हणायचे, "पितळ हाय ते, घाबरू नको."

पुढे याच विद्येवर माझं पोट भरलं, पण आप्पांच्या कधी मनातही आलं नसेल अशा ठिकाणी. मी संग्रहालयातल्या वस्तूंसाठी धातूचे आधार करतो. या कामात त्याला सरसकट 'माउंट' म्हणतात. काचेच्या पेटीत एखादं मातीचं मुख हवेत तरंगल्यासारखं दिसतं, तलवार भिंतीपासून दोन बोटं पुढे स्थिर असते, फुटक्या रांजणाचा काठ मूळ रांजणात जसा असेल तसा तिरपा उभा असतो. मागे वाकून पाहिलं तर पितळेची एखादी बारीक सळई दिसेल. चांगली केलेली असली तर तीही दिसणार नाही.

आपल्याकडे संग्रहालयांचा इतिहास सांगतात तो संग्राहकांचा, देणगीदारांचा आणि इमारतींचा. वस्तू उभ्या कशा राहिल्या, त्यांना कोणी आणि कशानं धरलं, हे त्यात येत नाही. मला तो इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण वस्तूबद्दलचा आदर फलकावरच्या मजकुरापेक्षा तिच्या आधारात लवकर दिसतो.

सुरुवात आपल्याच पुणे जिल्ह्यातून करता येते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या शेतकरी वस्तीत एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची, शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि मातीचा एक बैल मिळाला. मूर्तीच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्ही भोकांतून काडी घातली की देवी बैलावर बसते. अभ्यासकांनी त्यातून मातृदेवतेच्या पूजेविषयी पुष्कळ लिहिलं. माझी नजर मात्र त्या काडीवर थांबते. मूर्ती घडवतानाच करणाऱ्यानं ठरवलं होतं की ही दुसऱ्या वस्तूवर बसणार आहे, तिला खुंटी लागेल आणि ती काढता-घालता आली पाहिजे. आज मी आधार करतो तेव्हा पहिली अट हीच असते: तो काढता आला पाहिजे.

मग आपली देवघरं पाहा. शंख पाटावर नीट बसत नाही, म्हणून त्याला पितळेची अडणी असते, बहुतेक वेळा कासवाच्या आकाराची. शंखाचा फुगीर भाग त्या वाटीत टेकतो आणि तो कलंडत नाही. उत्सवमूर्तीमागची प्रभावळ स्वतंत्र घडवलेली असते आणि पीठाच्या खाचेत बसते. गौरींचे मुखवटे कोथळ्यांवर किंवा स्टँडवर चढतात आणि विसर्जनानंतर कापडात गुंडाळून पुढच्या भाद्रपदापर्यंत जपून ठेवले जातात. काढता येणारा आधार, वजन पेलायची जागा आणि नुसता तोल धरायची जागा यांतला फरक, वस्तूला न दुखवता तिला उभं करणं, हे सगळं आपल्या कासारांना, तांबटांना, सोनारांना पिढ्यानपिढ्या येत होतं. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून तांब्याचं काम करते. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी भांड्याला बळ आणि चमक देणारं तिथलं मठारकाम आजही चालू आहे. पण संग्रहालयं उभी राहिली तेव्हा या लोकांना कोणी बोलावलं नाही. त्यांची भांडी काचेच्या पेटीत गेली, त्यांचे हात बाहेर राहिले. माझ्या मते आपल्या संग्रहालयांच्या घडणीतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे.

मुंबईत घारापुरीच्या दगडी हत्तीची गोष्ट प्रसिद्ध आहे. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारीनं दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. हत्ती आता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. शेकडो वर्षं पाऊस-वारा सोसलेली वस्तू माणसानं उचलायला घेतल्यावर मोडली, ही गोष्ट मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. वस्तूला सर्वांत जास्त धोका असतो तो ती हलवताना. चांगल्या आधाराचं निम्मं काम प्रदर्शन उघडण्यापूर्वीच होऊन जातं, कारण त्याच्यामुळे वस्तूला कमी वेळा हात लागतो.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत १८७२ मध्ये खुली झाली, तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. तिथे कारागिरीचे नमुने, प्रतिकृती, मातीच्या छोट्या मूर्ती अशा वस्तू पुष्कळ आणि त्यातल्या अनेक स्वतःच्या बैठकीवर उभ्या राहणाऱ्या. त्यामुळे मान मिळाला तो लाकडी कपाटांना. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये बसली. जॉर्ज विटेट यांनी रचलेली ती इमारत पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये उघडली. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. इथे प्रश्न वेगळे होते. मंदिराच्या भिंतीतून सुटलेली शिल्पं, धड नसलेली मुखं, ढाली-तलवारी, म्हणजे मूळ जागेवरून निखळलेल्या आणि स्वतःच्या पायावर उभं न राहणाऱ्या वस्तू.

अशा वस्तूंसाठी त्या काळी जगभर जी रीत होती तीच इथेही आली. दगडात भोक पाडायचं, लोखंडी गज घालायचा, सिमेंट भरायचं. शस्त्रं भिंतीवर पंख्यासारखी पसरून खिळ्यांवर टांगायची. हलकी वस्तू तारेनं आवळायची. मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी हिंदुस्थानातली संग्रहालयं फिरून १९३६ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. माणसं आणि पैसा दोन्ही अपुरे असल्याचं दुखणं त्यात स्पष्ट मांडलेलं आहे.

लोखंडी गजाचा परिणाम लगेच दिसत नाही. लोखंड गंजलं की फुगतं. भोकात अडकलेला गज फुगला की जागा मिळवण्यासाठी दगडालाच फाडतो. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या आरंभी बालानोस या अभियंत्यानं पडलेले संगमरवरी चिरे लोखंडी पट्ट्यांनी जोडले. काही दशकांत त्या पट्ट्या गंजून चिऱ्यांना भेगा गेल्या आणि पुढच्या पिढीला त्या उपटून टायटॅनियम घालावं लागलं. ज्यांनी मुळात तिथली मंदिरं बांधली त्या ग्रीक गवंड्यांनीही लोखंडच वापरलं होतं, पण त्याभोवती शिसं ओतून. शिसं पाणी आत जाऊ देत नाही आणि थोडं दबूनही घेतं. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण शाळेपासून ऐकतो. धातू आणि दगड यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवं, ही समज आपल्या गवंड्यांकडे होती. सिमेंटच्या भरवशावर आपण ती सोडून दिली.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय या इतिहासात मला वेगळं वाटतं. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं आणि पुढे सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. सुमारे वीस हजार वस्तू. त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या. अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्या, फण्या. या हाताच्या वस्तू आहेत. अडकित्ता पाटीवर आडवा ठेवला तर तो लोखंडाचा नाहीतर पितळेचा तुकडा दिसतो. बिजागरीपाशी थोडा उघडून, ज्या कोनात बाई तो धरायची त्या कोनात उभा केला की सुपारी फुटतानाचा आवाज आठवतो. तो कोन शोधणं हे माउंट करणाऱ्याचं काम आहे. मी केळकर संग्रहालयात गेलो की वस्तू मोजत नाही, त्यांच्या मुठी पाहतो.

स्वातंत्र्यानंतर या विषयाचं शिक्षण सुरू झालं. १९५२ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला. १९६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या ग्रेस मोर्ले दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संचालक झाल्या आणि मांडणी, प्रकाश, मोकळी जागा यांबद्दल इथे गंभीरपणे बोललं जाऊ लागलं. तरी धातूच्या आधाराचा कारागीर हा वेगळा माणूस असतो, हे आपल्याकडे रुजायला आणखी बराच काळ गेला. मी पाहिलेल्या संग्रहालयांत सुतार होते, मॉडेलर होते, पहारेकरी होते. डाग देणारा बाहेरून बोलावला जाई, तोही पेटीचं कुलूप मोडलं तर.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचं पोकळ आहे.

समजा तळहाताएवढं भाजल्या मातीचं मुख आहे. पहिल्यांदा मी त्याला हात लावत नाही. संग्रहालयातली संवर्धक ताई ते फोमच्या गादीवर ठेवते आणि कुठे जोड आहे, कुठे रंगाचा अंश आहे, कुठे माती भुसभुशीत आहे ते दाखवते. तिनं बोट ठेवलेल्या जागा वर्ज्य. मग वजन कुठे आहे ते शोधायचं. खाली दोन ठिकाणी वजन घ्यायचं आणि वर एका ठिकाणी नुसतं पुढे पडू द्यायचं नाही. तीन टेकू पुरतात. चौथा घातला की एक कुठेतरी उगीच दाबतो. मऊ तारेनं आकार उचलायचा आणि त्यावरून पितळेची सळई वळवायची. सळई मऊ हवी म्हणून आधी लाल करून घ्यायची. बाजारात लेथसाठी मिळणाऱ्या पितळात शिसं असतं. ते सुंदर कापलं जातं, पण वळवताना मोडतं. म्हणून दुकानात सळई घेताना विचारून घ्यायची आणि एक तुकडा तिथेच वाकवून बघायचा.

काटकोन हवा तर त्रिकोणी कानशीनं खाच पाडायची, सळई दुमडायची आणि खाच चांदीच्या डागानं भरायची. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळतं, चांदीचा डाग त्याच्या बराच आधी पळतो. मधल्या त्या अंतरात सगळं कौशल्य आहे. पांढरा धूर दिसला तर पितळातलं जस्त जळायला लागलं समजायचं. कसबा पेठेतल्या एका वयस्कर तांबटकाकांनी मला हे नीट शिकवलं. "बाळ, आधी टाकणखार पाण्यासारखा होऊ दे, मग तार टेकव. बत्ती तारेवर नको, सळईवर धर." कॅडमियम असलेला डाग स्वस्त मिळतो, पण त्याचा धूर विषारी आहे. तो मी दुकानात ठेवत नाही.

डाग दिल्यावर टाकणखाराची काच झालेली असते, ती पूर्ण काढायची. कानस, मग पॉलिश कागद, आणि सगळ्या कडा गोल. जी पाकळी वस्तूच्या पुढे येते ती जेवढी बारीक करता येईल तेवढी, पण वाकेल इतकी नाही. वस्तूला टेकणाऱ्या प्रत्येक जागी अस्तर. आमच्याकडे पूर्वी लोकरी फेल्ट आणि रबर सर्रास लावत. लोकर आणि रबर दोन्ही गंधक सोडतात आणि शेजारची चांदी काळी पडते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यावर एक साधी कसोटी मांडली. चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्या त्या साहित्यासोबत बंद बाटलीत दमट हवेत ६० अंशांवर २८ दिवस ठेवायच्या. पट्ट्या बिघडल्या तर ते साहित्य पेटीत जाणार नाही. त्यात पास झालेला फोम किंवा पॅरालॉइड राळेचा थर मी वापरतो. शेवटी रंग. वस्तूच्या त्या जागचा जो रंग, तोच पाकळीला, डाग आणि सुरकुत्यांसकट. मग संवर्धक ताई मुख बसवते. ते सरकून आपोआप बसलं पाहिजे, दाबून नव्हे. स्प्रिंगसारखा ताण राहिला तर आज नाही, दहा वर्षांनी भेग जाते.

तलवारीचं गणित निराळं. तिचं वजन मुठीकडे असतं, म्हणून दोन आकड्या सारख्या अंतरावर लावल्या की ती मुठीकडे झुकते. एक आकडी मुठीजवळ आणि दुसरी पात्याच्या टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात. धार कशावरच टेकवायची नाही. म्यान वेगळं, त्याचा आधार वेगळा, कारण चामडं आणि लाकूड ओल धरतं आणि पातं गंजतं.

महाराष्ट्रात या कामाला आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी. २००१ मध्ये भूजच्या भूकंपात कच्छच्या जुन्या संग्रहालयाचंही नुकसान झालं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं भूकंपाच्या भीतीतूनच ही विद्या फार पुढे नेली. जमीन हलली तरी शिल्प जागच्या जागी राहावं म्हणून त्याच्याखाली सरकणारी बैठक बसवण्यापर्यंत ते गेले. आपल्याला दर वेळी एवढं लागत नाही. पण काचेच्या फळीवर नुसता ठेवलेला रांजण आणि तीन पाकळ्यांत बसलेला रांजण यांतला फरक पहाटे चारच्या एका धक्क्यात कळतो.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती सुधारली आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत 'भारत आणि जग' हे प्रदर्शन झालं. २०२३ च्या अखेरीस ग्रीस, रोम, इजिप्त, असिरियाची शिल्पं तिथे आली. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली आणि ती पाहायला रांगा लागल्या. असं काही परदेशातून येतं तेव्हा सोबत माणूस येतो, वस्तूच्या अवस्थेची नोंद येते आणि ती कशी धरायची याच्या अटी येतात. त्या अटींमुळे आपल्याकडची मुलं शिकली, हे चांगलंच झालं. पण पाहुण्या वस्तूला जो आधार मिळतो तोच घरच्या वस्तूलाही मिळायला हवा. पैठणच्या मातीच्या बाहुलीची पात्रता लंडनच्या पोलादापेक्षा कमी नाही.

आणि हे काम फार महाग नाही. बारामतीच्या एमआयडीसीत, वालचंदनगरला, आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये असे फिटर आहेत की ज्यांचा हात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात चुकत नाही. त्यांना वस्तूची नाजूक जागा दाखवणारा एक संवर्धक आणि थोडा वेळ मिळाला, तर जिल्ह्यातल्या लहान संग्रहालयांचे आधार इथेच होतील. तंत्रनिकेतनं आणि आयटीआय यांनी हा विषय फिटरच्या मुलांना दोन आठवडे जरी शिकवला तरी पुष्कळ होईल. संग्रहालयांनी वस्तूच्या नोंदवहीत आधार कोणी केला, कोणत्या धातूचा आणि कधी, हा एक रकाना वाढवावा. तीस वर्षांनी तो आधार काढणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

शेवटची विनंती माझ्या भागातल्या लोकांना. बारामती-इंदापुरात गावोगाव मंदिराच्या आवारात, पाराखाली वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणशिळा, आहेत. जीर्णोद्धार निघाला की ते हौसेनं सिमेंटमध्ये रोवले जातात, तेलरंगानं रंगवले जातात, कधी खालचा निम्मा पट्टा फरशीखाली जातो. सिमेंटमधले क्षार दगडाचा पापुद्रा काढतात आणि एकदा रोवलेला वीरगळ न फोडता निघत नाही. कृपा करून तसं करू नका. दगड हलवण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाच्या पुण्याच्या कार्यालयाला कळवा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो जमिनीपासून वीतभर उंच ओट्यावर ठेवा आणि मागून दोन ठिकाणी शिसं किंवा नायलॉनची पट्टी मध्ये घालून आधार द्या. भोक पाडू नका, रंग देऊ नका. आधार करून देणारा फिटर तुमच्याच गावात असेल, त्याला बोलवा.